पाचवा पंच

द्वारका चौकाजवळच्या परमिट रूममध्ये भर दुपारी मी रम पंच मागवला. मागवला म्हणजे काय, मेव्हण्यासमोर ज्ञान पाजळलं: "पंच हा शब्दच आपला. पाच जिन्नस, म्हणून पंच. गोरे इथे येऊन प्यायला शिकले आणि नावासकट घेऊन गेले."

काउंटरमागचा माणूस खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत सगळं ऐकत होता. त्याने रम ओतली. पूजेला बसल्यासारखे डोळे मिटून लिंबू पिळलं. साखर घातली, पाणी घातलं, करंगळीने ढवळलं आणि तीच करंगळी चोखली. मग ग्लास ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला आणि माझ्यापुढे सरकवला.

मी मोजत होतो. "हे चारच झाले. जायफळ कुठंय?"

"संपलं."

"मग हा पंच कसला?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "चार ग्लासात हायेत. पाचवे तुम्ही. निवाड्याला पंच लागतोच ना, साहेब?"

मेव्हणा ठसका लागेपर्यंत हसला. मी तोंड वाकडं करून घोट घेतला. मग आणखी एक. दुसऱ्या ग्लासाला पंचांनी एकमताने निकाल दिला: जायफळ इतिहासात असू दे, ग्लासात नको.