दाढीवाल्यांकडे पाठ

आपण नामांकित शिकारी आहोत ही बातमी ग्रीनलंडमधल्या कांगेरलुसुआक गावात फक्त पीटाराकलाच ठाऊक होती, आणि ती गुप्त ठेवणं त्याला कधी जमलं नाही, असं आता तो स्वतःच सांगतो.

सासरा सेव्हरीन दक्षिणेकडचा मेंढपाळ. तो पाहुणा आला की पीटाराक मेंढ्यांची हमखास थट्टा करी. यंदा म्हातारा कॉफी ढवळत एवढंच म्हणाला, की डॅनिश लोक उमिमाकला, म्हणजे त्या दाढीवाल्या कस्तुरी-बैलाला, बैल म्हणोत, पण दात, शेपूट आणि अक्कल बघितली तर तो मेंढ्या-बकऱ्यांच्याच भाऊबंदांतला. पीटाराकला ते पचेना.

परवाना एकाच जनावराचा, आणि हंगामाचा शेवटचा दिवस. रिकाम्या हाताने परतलं तर हिवाळाभर दुकानातलं गोठवलेलं डुक्कर. साक्षीदार म्हणून पीटाराकने सासऱ्यालाच सोबत नेलं, ही त्याची पहिली हुशारी. कुत्रा नेला, ही दुसरी.

कुत्रा भुंकताच टेकडीवरचे अकरा दाढीवाले खांद्याला खांदा लावून गोल उभे राहिले. पिल्लं आत, शिंगं बाहेर. गोळी झाडावी तर एकातून दुसऱ्यात जायची. पीटाराक दोन तास त्यांच्याकडे डोळे वटारून बघत राहिला. तेही बघत राहिले, आणि त्यांचा या कामातला अनुभव दांडगा. शेवटी त्याने त्यांच्या साऱ्या कुळाचा उद्धार केला. त्या कुळात सासऱ्याच्या मेंढ्याही आल्या, हे त्याला जरा उशिराच सुचलं.

सेव्हरीनने कुत्रा लांब खडकामागे बांधला आणि कळपाकडे पाठ करून बसला.

"बसा, जावईबापू."

"मामा, शिकार तिकडे आहे."

"तुम्ही बघताय तोवर तिकडेच राहील. मेंढरं अशीच अडून बसतात. पाठ फिरवा."

पीटाराक बसला. वाळलेलं मांस चघळू लागला. ओळखीचं कुणी खाडीतून होडीने जात नाही ना, तेवढं त्याने पाहून घेतलं. बऱ्याच वेळाने मागे खूर वाजले, मग गवत ओरबाडल्याचा आवाज आला. वळून बघायच्या इच्छेने त्याची मान दुखायला लागली.

खांद्यावरून तिरपं बघत म्हातारा कुजबुजला, "डावीकडची भाकड मादी. एकटी आहे. हळू वळा."

एका गोळीत काम झालं.

मांस वाहून आणताना पीटाराकने वाटेत एक घनघोर लढाई जुळवून ठेवली होती. पण घरी बायकोने, अर्नाकने, शिकार कशी साधली म्हणून विचारलं, तेव्हा शेजारी तिचा बाप बूट काढत होता.

"बसून," पीटाराक म्हणाला.

अर्नाक हसत सुटली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण शिकारीबद्दल नवरा खरं बोलतोय, हे तिला ओळखूच आलं नाही.