भत्ता, भाडं आणि हमीदचाचा

शुक्रवारी नमाजाहून येताना हमीदचाचा गरम खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, आणत आणि घरातल्या आम्हा पाचही जणांपुढे एकेक ठेवत. कोणी नुकताच जेवलेला असो, कोणी उपाशी असो, वाटप सरसकट. "ज्याला त्याला इचारीत बसलो तर खुबूस थंड व्हईल," असं त्यांचं म्हणणं.

आखातातल्या शहरात, अल हिलाल भागातला तो जुना व्हिला मी भाड्याने घेतला होता आणि घरमालकाच्या संमतीने त्यातल्या खोल्या पुढे भाड्याने देत होतो. सगळ्यात लहान खोली चाचांची. ते दापोलीकडचे, आमच्याच बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. मी फायनान्समध्ये, त्यामुळे जेवताना शहाणपण पाजळण्याचा हक्क माझा. सरकारने प्रत्येकाला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी का, हा आमचा लाडका वाद.

"चाचा, सगळ्यांच्या हातात पैसा आला की महागाई आलीच."

"भाव काय आपल्या पायानं चालत येतो, बाबा? कुनीतरी त्याचा हात धरून आनतोय. त्याचा नाव सांग."

मी मागणी-पुरवठा सांगत बसायचो. चाचा हसून ताटातला मोठा मासा माझ्याकडे सरकवायचे.

गेल्या वर्षी कंपनीने ऑफिसबॉयपासून इंजिनियरपर्यंत सगळ्यांना सारखाच घरभत्ता जाहीर केला. चाचा धावतच माझ्याकडे आले. अंगणाकडे वेगळं दार असलेली मोठी खोली रिकामी होत होती.

"ती मला दे, बाबा. भत्त्यात बसतेय. झुबेदाला दोन म्हैने आनतो. लग्नाला बत्तीस वर्सां झाली, तिनं माजी खोली फोनातच बगितलीय."

त्या भत्त्याचा कागद माझ्या टेबलावर आठवडाभर आधीच आला होता. घरमालकाने एक रियालही वाढवला नव्हता. मी मात्र प्रत्येक खोलीचं भाडं भत्त्याच्या रकमेने वाढवायचं ठरवून मोकळा झालो होतो. तसं सांगितलं आणि वर म्हणालो, "बघा, म्हणत होतो ना मी? झाली की नाही महागाई?"

वाद जिंकल्याचा आनंद होता माझ्या आवाजात. आजही ते वाक्य आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. भावाचा हात कुणी धरला, त्याचं नाव या वेळी विचारलं नाही. "खलास. पुडल्या वर्सी बगू, इन्शाल्ला," म्हणाले आणि झुबेदाचाचींना फोन करायला रस्त्यावर गेले. त्या दिवसापासून ते मला साहेब म्हणू लागले. शुक्रवारचा खुबूस मात्र चुकला नाही, आणि मी तो निर्लज्जपणे खातही राहिलो.

वर्ष भरायच्या आत त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. चाची आल्याच नाहीत. जायच्या दिवशी आपल्या खोलीसाठी त्यांनी गावाकडचाच एक वेल्डर आणला आणि माझ्यासमोर त्याला म्हणाले, "साहेब घरच्यासारके हायेत. वाजवी घेतात."

त्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. पण ते मनापासून माझी शिफारस करत होते.

वेल्डरने भाडं विचारलं. चाचा बॅग हातात घेऊन शेजारीच उभे होते. जुना आकडा माझ्या अगदी ओठांवर आला होता.

मी नवाच सांगितला.