खिडकीतून ताट

आमच्या ह्यांनी, म्हणजे मोरेश्वररावांनी, जन्मात एकदाही कबड्डीचा दम घुमवलेला नाही. साताऱ्याच्या शाळेत ते मैदानाच्या कडेला बसून गुण मांडायचे. आणि कुवेतमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या कबड्डी संघाचे सर्वेसर्वा कोण? तर हेच! ‘आपली पोरं हौशी आहेत. खेळायचे पैसे घेणं म्हणजे खेळ बाटवणं,’ असं नाकाने कांदे सोलत सांगत असतात. अहो, तुम्ही साताऱ्याची बँकेतली नोकरी सोडून इथे आलात, ते काय वाळू बघायला? दिनारसाठीच आलात ना? आम्ही सगळेच त्यासाठी आलो. पण हे तोंडावर बोललं की यांना ढोकळा सुद्धा कडू लागतो.

मंडळातला सगळ्यात चांगला खेळाडू देवेंद्र. एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा. मंडळासाठी खेळताना त्याचा गुडघा गेला होता, तरी पट्टी बांधून उभा राहायचा. बायको अंतरा आणि मुलगी आर्या गावाकडे, कारण याच्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नव्हता. मग सुलैबियातल्या एका कंत्राटदार कंपनीने त्याला आपल्या कबड्डी संघात घेतलं. चांगली नोकरी, वर खेळायचे वेगळे पैसे. देवेंद्र गेला. त्याच वर्षी बायको-मुलगी इथे आली. यात वाईट काय झालं, मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ह्यांना मात्र झोंबलं. आणि नेमकं त्याच सुमारास रीससाहेब आमच्याकडे जेवायला आले.

हे मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत हिशेब बघतात आणि रीससाहेब तिथे मोठे इंजिनिअर. मूळचे वेल्सचे. साहेब घरी येणार म्हणून ह्यांनी मला चार दिवस पडदे धुवायला लावले. जेवताना साहेबांनी आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा कोळशाच्या खाणीत कामाला, आणि रग्बीत थेट वेल्सच्या संघात. त्या रग्बीत खेळाडूला दमडी मिळायची नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी खाण बंद पडली, घरात खायचे वांधे झाले. उत्तर इंग्लंडमध्ये रग्बीचा दुसरा प्रकार होता, रग्बी लीग. तिथे पैसे मिळायचे. आजोबा गेले. झालं! गावच्या क्लबाने त्यांना जन्मभर दार बंद केलं. सख्ख्या भावाच्या लग्नाचं जेवण त्या क्लबात होतं, तर आजोबांचं ताट खिडकीतून बाहेर दिलं. पावसात उभे राहून जेवले.

हे सांगताना साहेबांचा घास हातातच राहिला होता. मी पुरणपोळी वाढायला गेले आणि त्यांचे डोळे बघून तशीच मागे फिरले.

साहेब गेल्यावर आमचे हे काय म्हणाले असतील? ‘मंदा, बघितलीस शिस्त? याला म्हणतात संस्कृती!’

“अहो, त्यांचे आजोबा होते ते,” मी म्हटलं.

“कुणाचे का असेनात. नियम म्हणजे नियम.”

आणि पुढच्याच बैठकीत ठराव! पैसे घेऊन खेळणाऱ्याला मंडळाच्या हॉलमध्ये प्रवेश नाही. कुटुंबाला मज्जाव नाही, हा म्हणे ह्यांचा मोठेपणा. बाकीच्यांच्या मुंड्या हलल्या. शेळपट मेले! मी बायकोमाणूस, बैठकीत नव्हते, पण घरी बोलायला मला कुणी अडवलं होतं? तरी नाही बोलले.

मे महिन्यात फरवानियातल्या हॉलवर मंडळाचं संमेलन होतं. जेवणांनंतर आर्याचा पहिला नाच होता. अंतरा तिला नऊवारी नेसवून घेऊन आली, आणि देवेंद्र मागच्या गल्लीत, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिला. तिथून स्टेजचा एक कोपरा दिसायचा. बाहेर उन्हाने डांबर मऊ पडलेलं.

“काकू, ती डावीकडे उभी राहणार आहे की उजवीकडे?” त्याने मला विचारलं.

“उजवीकडे रे.”

“मग नाही दिसायची.” एवढंच म्हणाला आणि रुमालाने मान पुसत उभा राहिला. मला रडूच आलं.

रीससाहेब प्रमुख पाहुणे. जेवणं चालू असताना आमच्या ह्यांनी माइक घेतला, साहेबांसाठी खास इंग्रजीत. “साहेब, तुमच्या गावचा आदर्श आम्ही इथे आणलाय. पैशासाठी संघ सोडणारा आमचाही एक खेळाडू बाहेर उभा आहे. त्याचंही ताट आम्ही खिडकीतूनच देतो!” आणि वर टाळ्यांसाठी थांबले.

साहेब लाल झाले. हळू आवाजात म्हणाले, “ते माझे आजोबा होते, मोरेश्वर.” आपलं ताट उचललं, दारातून बाहेर पडले आणि गल्लीत देवेंद्रशेजारी जाऊन उभे राहिले.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. एसी होता ना! आमचे हे घामाघूम होऊन स्वयंपाकघरात आले. मला वाटलं, आता तरी लाज वाटली असेल. तर म्हणतात, “मंदा, साहेबांचं श्रीखंड राहिलं. खिडकीतून दे पटकन!”

या माणसाबरोबर मी तीस वर्षं संसार केला.

शेवटी साहेब आत येईनात म्हणून हे बाहेर धावले आणि देवेंद्रच्या खांद्यावर हात टाकून दोघांना आत आणलं. देवेंद्रने एका शब्दाने अडवलं नाही. दुसरा कुणी असता तर ऐट दाखवली असती, पण त्याला पोरीचा नाच बघायचा होता. अगदी पुढे बसला. आर्या उजवीकडेच उभी होती. ‘बाबा, लुक!’ असं स्टेजवरूनच ओरडली.

संध्याकाळी घरी आल्यावर हे बाल्कनीत फोनवर कुणाला तरी सांगत होते, “देवेंद्रला मीच आत घेतलं हो. मन मोठं ठेवावं लागतं.”

मी बाल्कनीच्या दाराला आतून कडी घातली. ताट वाढलं, श्रीखंडासकट, आणि खिडकीतून त्यांच्या हातात दिलं.