गळती निरंक

प्रमाणित करण्यात येते की, श्री. कान्होजी भोईटे (वय ५८, पद : कूलर-देखभाल साहाय्यक, अस्थायी) यांनी मंडळाच्या माधवगंज येथील सभागृहातील कूलरच्या डक्टच्या (हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळाच्या) सर्व बारा सांध्यांची शिडीवर चढून प्रत्यक्ष तपासणी केली असून गळती निरंक आढळली.

यातलं वय खरं होतं. मार्चमध्ये कान्होजींचे गुडघे धरले होते. त्यांनी खालूनच मान वर केली, सांधे मोजले आणि सही ठोकली. घराण्यातले पूर्वज किल्ले चढत असत, असं ते सांगत. कोणते, हे कोणी विचारत नसे.

मे महिन्यात, पारा शेहेचाळिसावर असताना, कुसुमताईंचं गाणं ठरलं, संध्याकाळी सहाला. ताई एक्याऐंशीच्या, श्रोते त्यांच्याहून लहान, पण फार नाहीत. कूलर बंद ठेवावा तर श्रोते आडवे झाले असते. चालू ठेवला, तर दुपारी तंबोरा जुळवता जुळवता ताईच थांबल्या.

"कान्होजी, तुझा कूलर गातोय रे."

"मोटर जुनी झालीये, ताई."

"मोटर घरघरते. ही शिट्टी आहे. आणि माझ्या षड्जाच्या केसभर खाली! धड बेसूर असती तर सोडून दिलं असतं." त्यांनी डोळे मिटून बोट वर केलं. "तिथून. पडद्याच्या मागून."

तिथे सातवा सांधा होता. शिडी लावली की गळती सापडणार, गळती सापडली की सही खोटी ठरणार, आणि नोकरीला दर वर्षीची मुदतवाढ त्याच सहीवर मिळायची. मोटरीला दोष देत सहा वाजेपर्यंत वेळ काढणं शक्य होतं.

ताईंनी तंबोऱ्याला गवसणी घालायला घेतली. "जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

कान्होजी शिडी घेऊन आले.

वर चढून त्यांनी उदबत्ती पेटवली आणि सांध्याजवळ धरली. सरळ जाणारा धूर एकदम आडवा पळाला. खाली मंडळाचे सचिव गोपाळकृष्णपंत आले होते. त्यांनी चपला काढून हात जोडले.

"पूजा आहे का?"

"नाही साहेब, गळती आहे. मार्चमध्ये मी वर चढलोच नव्हतो."

पंतांनी चपला परत घातल्या. "हळू बोला हो! कागद वर गेलाय. जो लीकेज है ही नहीं, त्याची दुरुस्ती मी लिहू कशी?"

"लिहू नका. कूलर तेवढा बंद करा."

कान्होजींनी जुनी पट्टी खरवडली, पत्रा पुसला, लेप भरला आणि वर लेपात भिजवलेलं कापड गुंडाळलं. काम चोख झालं. फक्त ते वाळायला एक दिवस हवा होता. सहाला दहा कमी असताना कूलर सुरू झाला, झोताने ओल्या कापडाची कड उचलली आणि शिट्टी परत आली. कान्होजींनी तळवा दाबला. शिट्टी थांबली. तळवा काढला. वाजली.

"राहू दे तसाच," ताई खालून म्हणाल्या.

"किती वेळ, ताई?"

"विलंबित आहे रे."

दुसऱ्या दिवशी पंतांनी नोंदवहीत लिहिलं : कूलर समाधानकारक. दुरुस्ती निरंक. कार्यक्रमादरम्यान श्री. भोईटे नेमून दिलेल्या जागी, म्हणजे स्विचबोर्डाशेजारच्या खुर्चीवर, आढळून आले नाहीत.

ते सव्वा तास शिडीवर उभे होते.