बाईंच्या पुरस्काराचा अर्ज

अर्थशास्त्रात बायकांना पुढं आणणाऱ्या अभ्यासकांसाठी कुठलासा पुरस्कार आहे. त्यासाठी आमच्या निवृत्त बाईंचा अर्ज भरायचं काम कॉलेजनं माझ्या गळ्यात मारलं. मी बारामतीत त्यांच्याच विभागाची प्रमुख, शिवाय त्यांची विद्यार्थिनी. नाही म्हणायची सोय नव्हती. खरं सांगायचं तर अशा अर्जांचा मला मनापासून वीट आलाय. जन्मभर खपलेल्या माणसाकडं पुरावा मागायचा म्हणजे कमाल आहे.

पुरावा म्हणजे काय, तर बाईंमुळे या विषयात टिकलेल्या विद्यार्थिनींची यादी आणि त्यांची पत्रं. बाईंनी आपली जुनी वही काढून दिली. एकेका मुलीला एम.ए.ला आणण्यासाठी त्या एसटीनं तिच्या गावी गेल्या होत्या. ओसरीवर बसून कुणाच्या आबांची, कुणाच्या तात्यांची समजूत घातली होती. वहीत सगळ्या मुली होत्या, पण माहेरच्या नावानं. आमच्याकडं लग्नात आडनावाबरोबर पुष्कळदा मुलीचं नावही बदलतात. ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं की जुनं विसरायचं. तीन दिवस मी फोनवरून त्या विसरलेल्या नावांचा माग काढत होते. एक पतपेढीत निघाली, दोघी घरी, एकीला तर विषयच आठवेना. जीव मेटाकुटीला आला.

शेवटचं नाव सांगवीचं होतं. त्यापुढं बाईंनी लिहिलं होतं, 'ही शिकवेल.' फोन तिच्या भावानं उचलला.

"ती व्हय? तिचं नाव बदललं की लग्नात. निरवांगीला दिलीया. तुमच्याच कॉलेजात शिकवत हुती, मॅडम. ह्या जूनला तुमीच तिला परत घेतली न्हाय न्हवं?"

निरवांगी म्हटल्यावर ओळख पटली. तासांवर नेमलेली होती ती, दर जूनला नवी नेमणूक. आपण बाईंची विद्यार्थिनी आहोत, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तान्ह्या मुलाला घरी ठेवून निरवांगीहून यायची, म्हणून सकाळचा पहिला तास उशिरा घ्या म्हणाली होती. मी तिच्या जागी एक गृहस्थ घेतले. त्यांना कुठलीच वेळ अडचणीची नव्हती. वेळापत्रक एका दिवसात बसलं, आणि मला हायसं वाटलं होतं.

तिला फोन केला. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"बाईंसाठी देते की पत्र," ती म्हणाली. "पण पद काय लिहू, मॅडम? आता तर मी घरीच आहे."

'नंतर सांगते' म्हणून मी फोन ठेवला.

संध्याकाळी बाईंच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"यादीत पहिलं नाव कुणाचं टाकलंयस?"

"माझं."

"मग आधी ते खोड."

मुदत परवा संपते. यादी समोर घेऊन बसलेय. माझं नाव खोडलं, तर तीत पक्क्या नोकरीवर शिकवणारी एकही बाई उरत नाही.