ड्रॅगनचा उजवा पंख

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही – आणि त्याला तर मी भाजीचा भावसुद्धा दोनदा सांगते.

कवठे महांकाळकडच्या एका गावात मी चित्रकला शिकवायचे. चित्राचा अर्थ सांगण्यात माझा हातखंडा. नुसता काळा ठिपका दाखवा, मी त्यावर तासभर बोलेन. तोंडाची वाफ दवडायला काय लागतं?

आठवीतल्या प्राजक्ताने एक चित्र काढलं होतं. मोबाइलच्या गेममध्ये असतो तसा अक्राळविक्राळ ड्रॅगन, उजवा पंख लोंबणारा. समोर ढाल घेतलेला लहानखुरा योद्धा – शिरस्त्राणाखालून दोन वेण्या बाहेर आलेल्या. त्याच्या पाठीमागे जमिनीवर बसलेली एक बाई. तलवार काढायची राहिली की, मी म्हटलं. ती हळूच म्हणाली, "मारायचं न्हाई, बाई. ते आमचं आप्पा हायती. मागं आय हाय."

आप्पा म्हणजे तिचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. खांद्याच्या जखमेमुळे त्यांचा उजवा हात वर जात नसे. डावा बायकोवर उठत होता, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मी काय केलं? रंगसंगती छान आहे म्हणाले.

सव्वीस जानेवारीला शाळेत चित्रं मांडली. त्या गावात घरटी एक फौजी, त्यामुळे त्या दिवशी माजी सैनिकांचा सत्कार ठरलेला. अंगावर शाल, हातात नारळ घेऊन आप्पा नेमके त्याच चित्रापुढे थांबले. मागे सगळं गाव. "ह्येचा अर्थ काय वं, बाई?"

प्राजक्ता तिथेच उभी होती. मला गप्प राहता आलं नसतं का? आलं असतं. पण मी घाबरले – त्या माणसाला, त्या गर्दीला – आणि घाबरले की मी जास्तच छान बोलते. म्हटलं, योद्धा म्हणजे आपला जवान. मागे भारतमाता. आणि हा लोंबणारा पंख – तो आपल्या आप्पांनी मोडलेला.

टाळ्या पडल्या. वेण्यांबद्दल कुणी विचारलं नाही. आप्पांचे डोळे भरून आले. चित्र त्यांनी मागून घेतलं आणि घरी सोप्यात टांगलं. आल्यागेल्याला ते अर्थ सांगतात, माझाच.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर प्राजक्ता मागे थांबली. "बाई, म्या तुमाला सांगितलं हुतं न्हवं?"

मी फळा पुसत होते. मागे न वळताच म्हणाले, चित्राचा अर्थ बघणाऱ्याने लावायचा असतो.

ती बरं म्हणाली. त्यानंतर माझ्या तासाला ती फक्त कंपासने नक्षी काढायची – नीटनेटकी, रेघेबाहेर रंग न जाणारी. मी तिला चांगले गुण दिले.

मला कळलं होतं. सगळं कळलं होतं. तिने सबंध शाळेत एकाच माणसाला सांगितलं, आणि त्या माणसाने तिच्या बापाला हार घातला. जूनमध्ये मी बदली मागून सांगलीला आले. तिची आई त्याच घरात आहे.