वचन राजाला, नवस आपला

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या हॉस्पिटलात माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते, अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आत त्यांच्या एकुलत्या मुलाच्या हृदयावर शस्त्रक्रिया चालू होती. दार उघडलं की ते डोक्यावरची टोपी सरळ करून उठत, आणि नर्स दुसऱ्याच कुणाला हाक मारी.

"काका, बसा. देव आहे ना," मी म्हणालो.

"देवानं दावीद राजाला वंश टिकवायचं वचन दिलं होतं. मला कुठे दिलंय? म्हणून मीच नवस बोललोय, पोह्यांच्या मलिद्याचा."

दार पुन्हा उघडलं. या वेळी हाक त्यांनाच होती. डॉक्टर बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले. काका परतले आणि माझ्या शेजारी बसले.

"इथे पोहे कुठे मिळतात हो?" त्यांनी विचारलं.